दोन तांबूस अंडी

मू यालान यांचा वर्ग तिआनजिनमधल्या एका जुन्या इमारतीत, केशकर्तनालयाच्या वरच्या मजल्यावर भरत असे. परदेशी माणसांना चिनी शिकवण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. विद्यार्थी केव्हा गळतो याचा अंदाजही त्यांना येत असे. कोणी शब्दाचा अर्थच बदलणाऱ्या सुरांच्या चढउतारांत थकत असे. कोणी रात्री घोटलेली अक्षरे सकाळी ओळखेनाशी झाली की हात टेकत असे. मात्र किर्सी या दोन्ही घाटांतून पार झाली होती. ही फिनलंडची उंच, अबोल मुलगी बस थांब्यावर उभी असतानाही तळहातावर बोटाने अक्षरे गिरवत राही. म्हणूनच तिने महिनाअखेर शिक्षण सोडून परत जायचे ठरवल्याचे सांगितले, तेव्हा मूबाई फळा पुसता पुसता थांबल्या.

"अगं, का पण? किती छान बोलतेस तू."

"हेच ते, बाई," किर्सी म्हणाली. "रिक्षावाला म्हणतो छान बोलतेस. भाजीवाली म्हणते छान बोलतेस. मी नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी म्हणतात. तुमच्या नातवाला म्हणतं का कोणी असं?"

"त्याला कशाला म्हणतील?"

"मग? माझं बोलणं कोणी ऐकतच नाही. मी बोलते याचंच कौतुक. इतकी वर्षं घासून मी अजून पाहुणीच आहे. ही भाषा मला यायची नाही."

मूबाईंनी हातातले फडके खाली ठेवले. पाहुण्याला नावे ठेवायची नसतात, हे त्यांच्या अंगात इतके मुरले होते की किर्सीचा निबंध परत देतानाही आधी दोन गोड वाक्ये आपोआप बाहेर पडत. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी फेंगकाकांच्या धिरड्यांच्या गाडीवर ये. तिथे कोणी कौतुक केलं तर खुशाल जा. नाही केलं तर राहायचं."

"ठरलं," किर्सी म्हणाली.

आपण अविचाराने शब्द देऊन बसलो, हे मूबाईंना घरी पोचेपर्यंत कळून चुकले. फेंगकाका तर धिरड्यापेक्षा कौतुकच सढळ हाताने वाढणारे. तेव्हा दुसऱ्या दिवशी त्या किर्सीच्या आधी गाडीवर पोचल्या.

"काका, माझी एक विद्यार्थिनी येईल. ती काहीही बोलली तरी तिची वाहवा करायची नाही."

"का हो? भांडण झालंय का तिच्याशी?"

"नाही. तिच्या भल्यासाठी सांगतेय."

"बघतो," काका काळजीच्या सुरात म्हणाले. "पण जीभ सवयीची आहे, बाई."

मुगाच्या पिठाचे, आत तळलेल्या कणकेची कांडी घातलेले धिरडे खायला येताना त्या भागातले लोक अंडी घरूनच आणतात. गाडीच्या कडेला लाकडी फळी होती. जो तो आपली अंडी तिच्यावर रांगेने ठेवी आणि नंबर येईपर्यंत गप्पा मारी. किर्सीने आपली दोन तांबूस अंडी ठेवली. तिच्या पुढे जांभळ्या स्वेटरमधल्या एका जाडजूड बाईंची पांढरी अंडी होती.

"काका, कांद्याची पात नको, तिखट जास्त. आणि आतली कांडी कुरकुरीत बघून घाला," किर्सी म्हणाली.

काकांनी तोंड उघडले, मूबाईंकडे पाहिले आणि ओठ असे घट्ट मिटले की गालांना खळ्या पडल्या. पुढच्या गिऱ्हाइकाने पैसे दिले तरी त्यांनी नुसती मान हलवली. सारे लक्ष जिभेवर ठेवल्यामुळे हात मात्र मोकाट सुटले, आणि जांभळ्या स्वेटरवाल्या बाईंच्या धिरड्यावर त्यांनी किर्सीची अंडी फोडली.

"अहो, ती माझी होती," किर्सी म्हणाली.

"अंड्यावर नाव लिहिलंय का तुझं?" स्वेटरवाल्या बाई मागे न वळताच म्हणाल्या.

"नाव नाही, ताई. पण माझी तांबूस. तुमची पांढरी, ती बघा तिथंच बसलीत तुमची वाट बघत."

"पोटात गेल्यावर सगळी सारखीच."

"मग तुमची मी घेते. पण कृपया लक्षात ठेवा, माझी मोठी होती."

आता त्या बाई वळल्या. त्यांनी किर्सीला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. आता 'छान बोलतेस' येणार, याची मूबाईंना खात्रीच झाली.

"मोठी म्हणे. कोंबडी पाळलीस का घरात? काय तोंड चालतं हिचं. नवऱ्याची दया येते मला."

"नवरा नाहीये."

"मग बरोबर आहे."

रांग खदखदून हसली. किर्सीही हसली. बाईंनी आपले धिरडे घेतले, "मोठी होती म्हणे" असे पुटपुटत दोन पावले गेल्या, आणि मागे वळून म्हणाल्या, "फेंग, हिच्या धिरड्यात कांडी जास्त घाल. नाहीतर उद्या पुन्हा माझ्याशी भांडेल."

थोड्या वेळाने दोघी कठड्याशी उभ्या राहून खात होत्या. तेवढ्यात काकांनी गाडीवरून हाक मारली, "बाई, मी एक शब्द बोललो नाही हं."

किर्सीचा घास तोंडातच राहिला. "म्हणजे काकांना सांगून ठेवलं होतंत?"

"काकांना सांगितलं होतं," मूबाई म्हणाल्या. "त्या ताईंना नाही."

किर्सी रिकाम्या झालेल्या फळीकडे बघत चावत राहिली. मूबाईंच्या जिभेवर तेच नेहमीचे गोड वाक्य येऊन थांबले होते, आणि या वेळी तर ते खरेही होते. त्यांनी ते गिळले.

"'पांढरी' म्हणताना सूर वर न्यायला हवा होता. तू तो आडवाच ठेवलास."

किर्सीने मान वर केली. "आणखी?"

"भांडताना 'कृपया' म्हणायचं नसतं."

"हे तुम्ही कधी शिकवलं नाहीत."

"भांडणाचा धडा पुस्तकात नाही."

किर्सीने उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि बोटाला लागलेले तिखट चाटले. "मग मंगळवारी तो घ्या," ती म्हणाली. "आणि 'पांढरी' माझ्याकडून म्हणून घ्या. नीट येईपर्यंत सोडू नका."