राक्षसाचं घराणं

दोन हजार सहाच्या सुमारास वणीत कोळसा निघे, कापूस बुडे आणि राक्षस मात्र अमेरिकेहून येत. राक्षसांच्या खेळाची पुस्तकं तिकडून मागवण्याचं काम खाणीच्या ऑफिसातला अनिमेष करी. त्याच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी पट मांडायचा, फासे टाकायचे आणि तो सोडेल त्या राक्षसापासून आपला किल्ला तोंडी लढून वाचवायचा. लढायला दोघंच: त्याची चुलतबहीण गौरी आणि ऑफिसातला देवीलाल, मूळचा मुकुटबनकडच्या तांड्यावरचा.

ज्ञान देताना अनिमेषचे डोळे अर्धे मिटत. गौरीला तेव्हा रवंथ करणारी म्हैस आठवे. पण म्हैस निदान दूध देते.

त्या रविवारी गौरीनं स्वतःचा राक्षस आणला, मातीची बोंडअळी. "बाहेरून किल्ला हिरवागार दिसतो. ही बारीक भोकातून शिरते नि आतलं सगळं खाते. राजाला कळेपर्यंत नुसती भिंत उरते."

"ताई, हे तं आमच्या वावरातच हाये," देवीलाल म्हणाला. "बियाणंवाला म्हने, अळी फिरकनार नाही. अळीले कोनी सांगतलंच नाही."

अनिमेषनं भातातला केस काढावा तशी अळी पटावरून उचलली. "याला आधार काय? माझा लोखंड खाणारा प्राणी बघ. मध्ययुगीन पोथ्यांतून आलाय तो. राक्षसाला घराणं लागतं."

"भाऊ, स्थळ पाहून राह्यले का?"

गौरीनं सायबर कॅफेत वाचलं होतं. "दादा, तुझा लोखंडखाऊ प्लास्टिकच्या खेळण्यावरून आलाय. पिशवीत भरून विकतात ना, तसल्या. आधी खेळणं पटावर ठेवलं, मग ते काय खातं ते ठरवलं. खेळ काढणाऱ्यांनीच सांगितलंय."

अनिमेषनं पुस्तक मिटलं. आता अळी खेळात येणार, असं गौरीला वाटलं. तिला तेवढंच हवं होतं.

पुढच्या रविवारी टेबलावर बाजारातली प्लास्टिकच्या प्राण्यांची पिशवी होती. अनिमेषचे डोळे अर्धे मिटले. "राक्षसाचं खरं मूळ प्लास्टिकच. मी पहिल्यापासून म्हणतोय."

"मग माझी अळी?"

"ती मातीची. परंपरेत बसत नाही."

गौरीनं अळी ओढणीत गुंडाळली. देवीलालनं चपला घातल्या. "चला ताई, माझ्या खोलीवर मांडू."

तिथं गौरीच्या अळीनं त्याचे लागोपाठ तीन किल्ले पोखरले. देवीलाल फासे हातात खुळखुळवत बसला.

"एखादा डाव तं जिकू द्या ना ताई. वावरात हारूनच राह्यलो."

"किल्ला आतून तपास मग," गौरी म्हणाली.