दोन किलोमीटरची तटबंदी

माझ्या नवऱ्याला, श्रीरंगला, क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकला जायचं होतं. समुद्राकाठचं जुनं बंदर, भोवती तटबंदी, आणि तिच्यावरून चालत गावाला फेरी मारायची. “जेमतेम दोन किलोमीटर,” तो म्हणायचा. “जिथून चढायचं तिथंच उतरायचं. तू रेंगाळशीलच. मी खाली दरवाज्याशी थांबेन.” तिकिटं काढून झाली आणि मार्चमध्ये, २००६ साली, तो हार्ट अटॅकनं गेला. ट्रिप मीच फोन करून कॅन्सल केली.

तेव्हापासून मी इथं अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या कॉम्प्लेक्सच्या जिममध्ये रोज ट्रेडमिलवर दोन किलोमीटर चालते. रडू येत नाही. लोक म्हणतात, रडून घे. जसा काही नळच आहे, सोडला की झालं. मी समोरच्या भिंतीकडे बघत चालते आणि दोनचा आकडा आला की उतरते.

आज लेक सोबत आली होती. “झाले दोन किलोमीटर,” मी घाम पुसत म्हटलं.

रुहीनं आकडा पाहिला. “आई, दॅट्स माइल्स.”

सात वर्षं या देशात गाडी चालवतेय मी. दोन किलोमीटर म्हणजे फक्त सव्वा मैल.

म्हणजे सहा महिने रोज मी त्या दरवाज्याशी पोचत होते, आणि त्याच्यासमोरून तशीच पुढे निघून जात होते.