गोदूबाईचं नाक आणि माझे पाच कप्पे

या मित्रांनो, जरा जवळ या आणि नाक पुढे करा! घाबरू नका, मी चावत नाही. मी एक जुनी सागवानी पेटी आहे. माझ्या पोटात पैसे नाहीत, दागिने नाहीत. माझ्या पोटात वास राहतात.

काशीमीऱ्याच्या एका सुताराने मला घडवलं. माझी मालकीण, संचिता मावशी, त्याला बजावत होती, "कप्पे पाचच हवेत, आणि झाकण घट्ट बसलं पाहिजे." तो म्हणाला, "ताई, बांगड्या ठेवणार काय?" बांगड्या कसल्या! मावशी बेव्हर्ली पार्कमधल्या आपल्या घरी साबण बनवायला शिकवायची. तिच्या सुगंधी तेलांच्या छोट्या बाटल्यांना घर हवं होतं. ते घर म्हणजे मी.

गाण्यात घराणी असतात ना, तशी वासांतही असतात. मावशी कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकायची आणि म्हणायची, "नाव विसरा, डोळे मिटा. हा कुणाचा नातलग वाटतो?" लिंबू, संत्रं आणि गवती चहा एका कप्प्यात. भारी उत्साही मंडळी! आल्या आल्या गलका करतात आणि लगेच निघूनही जातात. गुलाब-मोगरा फुलांच्या कप्प्यात, लवंग-दालचिनी मसाल्यांच्या. निलगिरी आणि पुदिना थंडगार. चंदन आणि वाळा मात्र उशिरा बोलणारे, पण एकदा बसले की संध्याकाळपर्यंत पट्टीवरून उठत नाहीत. सगळे मला शाबासकी द्यायचे. कित्ती छान दिवस होते!

मग मावशीला नाशिकला नोकरी लागली. साबण बंद झाले आणि मी तिच्या बहिणीच्या घरी कपाटावर चढले. धूळ बसली. कुणी विचारेना.

मला खाली उतरवलं तिच्या भाचीने, नववीतल्या समिधाने. तिला मुळी धीरच नाही! तिने माझ्या बाटल्या काढल्या आणि विज्ञानाच्या पुस्तकाप्रमाणे लावल्या. फळं इकडे, गवत तिकडे, पानं पलीकडे. लवंग ही कळी म्हणून थेट गुलाबाच्या शेजारी! मी मनात म्हटलं, अगं बाई, हे काय केलंस?

आणि नेमकी तेव्हाच गोदूबाई आली. ती जुन्या भाईंदरची, समिधाच्या बिल्डिंगमध्ये सुकी मासळी विकते. तिला मोठा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. सुक्या मासळीचा धंदा तर सगळा नाकावर! माल घेताना ती मूठभर जवळा हुंगायची, जरा दमट लागला की परत फेकायची. आता तिला कळेचना. दुसऱ्या मजल्यावरच्या रीमाकाकूंनी सगळ्यांसमोर सुनावलं, "गोदूबाई, जवळा विकतेस की कचरा?"

गोदूबाई जिन्यातच बसली आणि समिधाला म्हणाली, "पोरी, आता टोपली खाली ठेवते. वासच न्हाय तं मी कसली कोलीण?"

डॉक्टरांनी तिला रोज वेगवेगळ्या प्रकारचे वास घ्यायला सांगितलं होतं. गुण येईलच असं नाही, पण करून बघा, म्हणाले होते.

"मी आहे ना!" समिधा म्हणाली. तिने तीन कप्प्यांतून एकेक बाटली उचलली. फळ म्हणून लिंबू, गवत म्हणून गवती चहा, पान म्हणून लिंबाच्या वासाची निलगिरी. गोदूबाई रोज इमानदारीने हुंगायची आणि मान हलवायची. "कोरा कागूद हाय गो."

शेवटी समिधाने मावशीला फोन लावला. मावशी आधी पोट धरून हसली. "अगं शहाणे, तू तिला रोज एकाच घरातली भावंडं भेटवतेयस! झाडाला काय विचारतेस, नाकाला विचार!"

समिधाने पट्ट्या हुंगल्या. "ईईई, खरंच की! तिन्ही लिंबूच!"

लगेच सगळी नाती पुन्हा जुळली आणि माझा जीव भांड्यात पडला. आता रोज प्रत्येक घराण्यातला एकेक पाहुणा. पहिल्यांदा लवंगेने नाकात नुसतं चुरचुरलं. मग कधी गुलाबाची पुसट चाहूल लागायची, कधी काहीच नाही. गोदूबाई रडकुंडीला यायची, समिधा तिला चहा पाजायची, आणि दोघी पुन्हा बसायच्या.

एके सकाळी गोदूबाईने लिंबाची पट्टी हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "शी! ह्या लिंबू खराब झायला."

"असं कसं? कालच तर..." समिधाने हुंगलं. खरंच! जुन्या तेलाला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता.

तिने पट्टीकडे पाहिलं, मग गोदूबाईच्या नाकाकडे. आणि समिधा एवढ्या मोठ्याने किंचाळली की रीमाकाकू धावत आल्या. माझ्या पोटातलं तेल नासलं म्हणून कुणी नाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं!

गोदूबाईने आधी डोळे पुसले, मग पदर खोचला. दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन आली ती थेट रीमाकाकूंच्या दारात. "घे, हुंग. आज तीन दुकानांचा माल परत फेकला, मंग ह्या आनलाय."

मित्रांनो, मी सगळ्यांची ऋणी आहे. सुताराची, मावशीची, चुकणाऱ्या आणि चूक सुधारणाऱ्या समिधाची, आणि माझं लिंबू नासकं ठरवणाऱ्या गोदूबाईची तर सगळ्यात जास्त! तुमच्याही घरी माझ्यासारखी पेटी असेल, तर तिला उन्हापासून दूर ठेवा. झाकणं घट्ट लावा. लिंबू-संत्र्यावर विशेष लक्ष असू द्या, ती लवकर रुसतात. पण घट्ट लावलेली झाकणं रोज उघडाही. आम्ही कपाटावर टिकतो खरे, पण जगतो ते कुणाच्या तरी नाकाजवळच.