बाहेरचा डबा

अयूबने कुवेतमध्ये अठरा वर्षं एसी दुरुस्त केले, पण तिथे त्याला कुणी मार्क दिले नव्हते. रत्नागिरीत परतून उद्यमनगरात दुकान टाकलं आणि पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते जवळच्या नाचणे गावचे रामजी गुरुजी. चौथीत याच गुरुजींनी त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'हुशार, पण चंचल' असा शेरा मारला होता. गुरुजींना निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, त्यांचं लाल पेन मात्र अजून नोकरीत होतं. एसीसाठी त्यांनी वेगळी वही घातली होती आणि अयूबच्या प्रत्येक खेपेला तीत दहापैकी गुण लिहीत होते.

एप्रिलमध्ये एसी बसवला त्या दिवशी नऊ मिळाले. "दहा मी कुणालाच देत नाही," गुरुजी म्हणाले. मग मे उजाडला, चिऱ्याच्या भिंती तव्यासारख्या तापल्या, आणि एसीने हाय खाल्ली. गुरुजी दुपारी जेवून आडवे झाले की अर्ध्या तासात कॉम्प्रेसर बंद. आतला एसी नुसता पंख्यासारखा वारा सोडत बसायचा आणि गुरुजी घामाने निथळत फोन लावायचे.

अयूब कुवेतच्या शिस्तीचा माणूस. गिऱ्हाइकाकडे निघण्याआधी अर्धा तास फोन करून कळवायचं, हा त्याचा नेम. आपल्याकडे मिस्त्री 'आलोच' म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी उगवतो, तेव्हा या फोनचं गुरुजींना भारी कौतुक. "अगं, अयूब येतोय, चहा टाक," असं ते बायकोला, म्हणजे प्रभावतीकाकूंना, ओरडून सांगायचे. आणि अयूब दारात पोचेपर्यंत खोली गारेगार झालेली असायची.

पहिल्या खेपेला त्याने गॅस तपासला. भरलेला होता. चार गुण. दुसऱ्या खेपेला चांगला चालणारा स्टॅबिलायझर उगाच बदलला. तीन गुण. तिसऱ्या खेपेला तो दोन तास खुर्ची टाकून एसीकडे बघत बसला. एसी असा चालला की गुरुजींनी कपाटातला स्वेटर काढला. काकू मात्र सारख्या दाराशी येऊन विचारत होत्या, "अजून बसणार हायस काय रे?" काकूंनी इतक्या वर्षांत कुणाला असं विचारलं नव्हतं, म्हणून अयूबला जरा वाईट वाटलं. तो निघाला, आणि मारुती मंदिरापर्यंत पोचत नाही तोच गुरुजींचा फोन आला.

"बंद पडला. तपासणीला साहेब आले की वर्ग कसा शहाण्यासारखा बसतो, तसला आहे हा. दोन गुण."

हसण्यावारी न्यावं असं हे प्रकरण नव्हतं. येत्या रविवारी गुरुजींकडे निवृत्त शिक्षकांची बैठक होती. उकाड्याने टेकीला आलेले बावीस शिक्षक एसी घ्यायला तयार होते, पण गुरुजींच्या अभिप्रायाशिवाय त्यातला एकही साधा टेबलफॅन घेणारा नव्हता. ते बावीस मिळाले तर दुकान उभं राहणार होतं. नाही तर परत कुवेत. बारा वर्षांच्या मनालला त्याने आजवर बहुतेक फोनवरच वाढताना पाहिलं होतं. आता ती रोज शाळेतून थेट दुकानात येऊन त्याच्या खुर्चीत बसायची, आणि ते सोडून अयूबला परत जायचं नव्हतं.

शनिवारी दुपारी पुन्हा गुरुजींचा फोन आला. अयूबने बॅग उचलली आणि शिरस्त्याप्रमाणे निघायच्या फोनसाठी मोबाईल काढला. डबा घेऊन आलेल्या रझियाने, त्याच्या बायकोने, तो हातातून काढून घेतला.

"पोलीस चोर पकडायला जातो तेव्हा आधी फोन करतो काय ओ?"

अठरा वर्षांची शिस्त मोडणं अयूबच्या जिवावर आलं. पण तो गेला. पुढच्या दाराने जाऊन गुरुजींच्या तोंडी पडण्यापेक्षा मागच्या दगडी कुंपणाच्या गडग्यावरून उतरला आणि पडवीत पोचला. तिथे जे दिसलं ते अख्ख्या कुवेतात त्याने पाहिलं नव्हतं.

एसीच्या बाहेरच्या डब्याला चिकटून एक बाज मांडलेली होती. बाजेवर सात ताटं, ताटांत आमरसाचे पातळ थर. आणि डब्याच्या डोक्यापासून बाजेच्या पायापर्यंत एक जुनं नऊवारी लुगडं असं घट्ट ताणून बांधलं होतं की गरम वाऱ्याची एक झुळूकही वाया जाऊ नये. आत डबा बिचारा घुसमटून गेला होता. बाजूला काकू पाटावर बसून आंबापोळीची राखण करत होत्या.

अयूबला पाहताच त्यांनी चटकन पदर ओढला, तो डोक्यावर नव्हे, उघड्या राहिलेल्या ताटावर.

"फोन नाय केलास तो?" त्या म्हणाल्या, जणू चोरी अयूबनेच केली होती.

"काकू, हे काय चाललंय?"

"दिसतं तेच. हळू बोल, ते जागे होतील."

"ते जागेच आहेत. निथळतायत."

काकूंनी मग सगळं सांगितलं. यंदा उकाडा भारी, पण रोज दुपारी मळभ, ऊन म्हणून धड मिळत नाही. मिळालं तर माकडं टपलेली. आणि हा डबा बघ कसा, पडवीत बसल्याजागी कडकडीत वारा देतो. एका दुपारात एक थर खडखडीत.

"मग मी येणार म्हटल्यावर उचलून का ठेवता?"

"ओल्या पोळीला परक्याची नजर लागली की ती चिवट होते."

"तुम्ही मानता हे?"

"मी नाय मानत. पोळी मानते," काकू म्हणाल्या. मग आवाज आणखी उतरवला. "ह्यांना सांगू नकोस हां. मागं शेजारणीच्या लिंबू-मिरचीला मी नुसतं बरं म्हटलं, तर दीड तास भाषण ऐकवलंन मना."

खरं सांगितलं असतं तर अयूब निर्दोष सुटला असता. पण शाळेत असताना पावसात अडकला की याच काकूंनी त्याला चुलीपुढे बसवून गरम भाकरी वाढली होती. त्या काकूंना भाषणाच्या तोंडी कसं द्यायचं? त्याने लुगडं सोडलं, बाज तीन हात मागे सरकवली आणि ताटं फळीवर एकापुढे एक अशी उतरती लावून दिली. डब्याचा जीव मोकळा झाला, ताटांनाही वारा पोचला. चार वाजता गुरुजींनी शाल मागितली.

"दोष काय होता?" गुरुजींनी पेन उघडत विचारलं.

"हवा अडत होती, गुरुजी."

"कशाने?"

चहा घेऊन आलेल्या काकू दारातच थबकल्या.

"माझ्या चुकीने," अयूब म्हणाला. "डब्यापुढे जागा मोकळी हवी, हे मी घरात सगळ्यांना सांगायला पाहिजे होतं."

रविवारी गुरुजींनी बैठकीत वही वाचून दाखवली. नऊ, चार, तीन, दोन, पाच. "शेरा: चौथ्या खेपेस उत्तीर्ण. प्रामाणिक, पण सावकाश." गुरुजींच्या हिशेबी ही मोठीच शाबासकी होती. पण बावीस शिक्षकांनी आयुष्यभर चौथ्या खेपेस उत्तीर्ण होणारे पाहिलेले होते. आप्पा मास्तरांनी घसा खाकरून "आपला पंखाच बरा" म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. दाराशी उभा असलेला अयूब कुणाला न सांगता घरी गेला, आणि रझियाला म्हणाला की कुवेतच्या एजंटाला विचारून ठेवायला हवं.

सोमवारी सकाळी दुकानापुढे तीन रिक्षा थांबल्या आणि नऊ बायका उतरल्या. काल मास्तरमंडळी वहीचं वाचन ऐकत होती तेव्हा काकूंनी त्यांच्याबरोबर आलेल्या या बायकांना मागच्या पडवीत नेऊन डबा आणि वाळून खडखडीत झालेली पोळी दाखवली होती. पुढे होत्या आप्पा मास्तरांच्या स्वप्नाबाई.

"प्रभावतीबाईंच्या पडवीत आहे तसला डबा द्या. नऊ."

अयूबने हातातला पाना खाली ठेवला. "पण मास्तर तर काल नको म्हणाले."

"ते आतल्याला नको म्हणाले. आम्हाला बाहेरचा पाहिजे. माझे सांडगे राहिलेत, हिची आमसुलं राहिलीत."

नऊ म्हणजे पावसाळा निघाला, मनालची खुर्ची राहिली. तरी खोटं कसं बोलायचं? आतल्याशिवाय बाहेरचा चालत नाही, दोन्ही मिळून एकच यंत्र आहे, हे अयूबने तोंडाला कोरड पडेपर्यंत समजावून सांगितलं. बायकांनी आपसांत कुजबूज केली.

"बरं, आतलापण द्या मग," स्वप्नाबाई नाइलाजाने म्हणाल्या. "ह्यांच्या खाटेवर बसवा. तिथे तसंही आम्ही काही वाळत घालत नाही."