साध्या पाण्यावरचे

“मामा, खरं सांगा. या उंदरांना चोरून काही खायला घालत होतात का?” मॅडमनी संगणकाच्या पडद्यावरून नजर न काढता विचारले.

“छे हो! माझाच डबा मला पुरत नाही.”

मॅडम हसल्या, पडद्यावरचे ठिपके मात्र हसण्यासारखे नव्हते. एकेक ठिपका म्हणजे एकेक उंदीर. देशोदेशींच्या प्रयोगशाळांचे ठिपके एका दाट पुंजक्यात होते आणि मामांच्या खोलीतले त्यांच्यापासून दूर, वाळीत टाकल्यासारखे, कडेला पडले होते.

रसायनाचे विष जोखायचे तर उंदरांचे दोन गट लागत : एकाला रसायन, दुसऱ्याला निव्वळ पाणी. अखेरीस दोन्ही गटांना मारून त्यांचे अवयव ताडून पाहत. मामांची हयात या दुसऱ्या गटाची निगा राखण्यात गेली होती. विष कधी न मिळूनही मरण न टळलेले ते जीव. ते दचकू नयेत म्हणून खोलीचे दार लावतानाही मामा कडी बोटाने उचलून धरीत. आता सर्व प्रयोगशाळांनी आपापल्या जुन्या नोंदी एका सामाईक संगणकीय भांडारात ठेवायच्या आणि नव्या प्रयोगांत पाण्यावरच्या गटाची जागा त्या मेलेल्यांनीच घ्यायची, असे ठरले होते. नवे जीव मारायला नकोत. मामांची खोली त्यामुळेच रिकामी झाली होती. तरीही पाण्याच्या नळीला उंदराची जीभ लागली की होणारी ती बारीक टिकटिक धुऊन रचलेल्या पिंजऱ्यांतून त्यांना अजून ऐकू येई. बायको म्हणे, कान तपासून घ्या. मामांनी स्वतःची समजूत निराळी घातली होती : मेले तरी ते उंदीर अजून कामावर आहेत.

“वजन जास्त, रक्तातलं भीतीचं द्रव्य कमी,” मॅडम म्हणाल्या. “असे दुसरीकडे कुठेच नाहीत. खोलीत उष्मा वगैरे होता का? तसं असेल तर हिशेबात दुरुस्ती करून यांना आत घेता येईल. नाहीतर वगळावे लागतील.”

‘हो’ म्हणणे एका श्वासाचे काम होते. मामांनी तो श्वास घेतलाही.

“उष्मा नव्हता. वजन करायच्या आधी मी त्यांना हातात धरायचो. थरथर थांबेपर्यंत.”

“प्रत्येकाला?”

“मग? उंदीर थरथरला की काटाही थरथरतो.”

“नियमात नव्हतं हे, मामा.”

“धरू नका, असंही नव्हतं.”

मॅडमनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “बाकीच्या ठिकाणी रसायन दिलेले उंदीर भेदरलेले असतात. तुमच्या निर्धास्त उंदरांशी त्यांची तुलना केली, तर भीतीचा दोषही रसायनाच्या माथी बसेल. नाही घेता येणार हो.”

“म्हणजे मेले ते फुकटच?”

मॅडमनी कडेचे ठिपके निवडले. मग हलकेच विचारले, “काढू?”

“मला काय विचारता?”

“त्यांचं दुसरं कोण आहे?”

मामांनी होकारार्थी मान हलवली. कडेचे ठिपके एकदम नाहीसे झाले. पुंजका आता निर्दोष दिसत होता.

किल्ली परत करण्यापूर्वी मामा खोलीत जाऊन आले. पिंजऱ्यांच्या रांगांपुढे कान देऊन उभे राहिले. बराच वेळ राहिले. टिकटिक आली नाही.

बाहेर पडून त्यांनी दार ओढले, कडी बोटाने उचलून धरली आणि आवाज न होऊ देता अलगद खाली सोडली.