धर्मापुरीचं दुखणं

पंचायत समितीत बारा वर्षं काढल्यावर मला कुठल्याही फॉर्मची भीती वाटत नाही. पण डॉ. प्रियदर्शनींच्या त्या एका कागदाने माझं डोकं पार चक्रावून टाकलं.

आईच्या, म्हणजे भामाबाईच्या, पित्ताशयात खडे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणीने ऑपरेशन होतं. ते सोपं जाईल की अवघड, हे ओळखायला डॉक्टर आधी गुण मांडतात. पाचपर्यंत सोपं, त्यापुढे अवघड. आईचं वय पन्नाशीपुढे, एक. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड, दोन. "या दुखण्यासाठी आधी कुठे ॲडमिट होतात?" आई म्हणाली, "न्हाई." शून्य. बेरीज तीन.

"तशी सोपी केस आहे," डॉक्टर म्हणाल्या, पण पेन काही खाली ठेवेनात. "पहिल्याच दुखण्यात भिंत एवढी जाड कशी?"

माझे वडील बापू तेलगावात पस्तीस वर्षं आईसोबत संसार करतायत. ते म्हणाले, "घरी कदी दुखलंच न्हाई हो तिला. गेल्या म्हैन्यात पयल्यांदा." मलाही तेच आठवत होतं. मग सोनोग्राफी खोटी की आम्ही? काही कळेना.

दुपारी आईच्या माहेराहून, धर्मापुरीहून, मोहनमामा डबा घेऊन आला. बापू बाहेर औषधं आणायला गेले होते. मामा बोलून गेला, "आक्का, ह्या टायमाला बी पाच दिस ठिवतेत का?"

"ह्या टायमाला म्हंजी?" मी विचारलं.

मामा आईकडे बघू लागला, आई खिडकीकडे. मग हळूहळू निघालं. चार वर्षांत तीनदा, तापासकट, परळीच्या दवाखान्यात ॲडमिट होऊन सलाईन. आम्ही समजत होतो ती जयंतीच्या मिरवणुकीला गेलीय, भावजयीच्या बाळंतपणाला गेलीय, भावाच्या नव्या घराला गेलीय.

"आई, दुखणं काय एसटीत बसून धर्मापुरीला जातं का?" मी ओरडलेच.

"डाक्टरीनबाईला सांगू नगं, अंजे. तुजे बापू म्हनतील, इतकी वर्सं बाई खोटं बोलली."

मला तिचा राग आला, कीवही आली. पण तीन गुणांवर तिला टेबलावर कशी जाऊ देऊ? मी सरळ डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी आधी ॲडमिट झाल्याचे चार गुण वाढवले. सात. "बरं झालं सांगितलंत. आत चिकटलेलं असणार. मी सोबतीला आणखी एक सर्जन बोलावते. गरज पडली तर पोट उघडायची संमतीही आत्ताच घेऊ." मग त्या आईच्या खाटेशी आल्या. बापूही परतले होते. "ताई, दुखणं फक्त माहेरीच यायचं?"

आईने बापूंकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरी बी यायचं. तितं पडून ऱ्हाता येत व्हतं, म्हनून तितं जायचे."

"आणि घरी दुखलं की काय करायचात?"

"भाकरी थापायचे."

बापूंनी औषधांची पिशवी खाली ठेवली. हळूच विचारलं, "मी जेवाय बसल्यावर बी?"

"व्हय," आई म्हणाली.

मला रडू कोसळलं. बापूंच्या शेजारी मीच तर जेवायला बसलेली असायचे.