हेडसेटने ऐकलेला झोपेचा श्वास

मी एक हेडसेट. सुशांत नावाच्या वैमानिकाच्या कानांवर बसायचो. हेलिकॉप्टरच्या घरघराटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून आतली सगळी माणसं आमच्यातूनच एकमेकांशी बोलतात. माझा छोटा माइक सुशांतच्या ओठांपाशी असायचा. त्यातून शब्द जात, तसा श्वासही जाई.

सैन्यातली नोकरी संपवून सुशांत जबलपुरात रुग्ण वाहून नेणाऱ्या एका लहान कंपनीत आला, तेव्हा मी कोराकरकरीत होतो. मागे रुग्णापाशी नर्स शर्मिलादीदी असायच्या. दोघांची घरं मूळची नागपूरकडची, म्हणून हवेत त्यांचं मराठी चालायचं. सुशांत पुष्कळ बोलायचा तेव्हा.

मग दुसरा वैमानिक सोडून गेला. त्याच्या जागी कोणी आलंच नाही. सुशांतच्या सुट्ट्या गेल्या, बोलणं आटलं. घामाने माझ्या कानगाद्या तडकल्या. एकदा त्याची बायको समिधा डबा घेऊन हेलिकॉप्टरच्या तळावर आली.

"घरी असून तुम्ही काहून ऐकून नाही राहिले? किती हाका मारल्या मी."

"कानातली घरघर बंदच नाही होत, समिधा. झोपलो तरी हेलिकॉप्टर चालूच असते."

त्या पावसाळ्यात पुराने रस्ते तुटले आणि फेऱ्यांना खंड राहिला नाही. एका दुपारी रुग्णाला पोहोचवून आम्ही रिकामे परतत होतो. खाली नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल दिसत होता. काचेतून ऊन येत होतं. तेवढ्यात सुशांतचा श्वास लांबला. संथ, खोल, घरी गाढ झोपलेल्या माणसाचा असतो तसा. तो सगळ्यात आधी मी ऐकला, आणि मला काही करता आलं नाही.

"सुशांत भैया," शर्मिलादीदी म्हणाल्या. श्वास तसाच संथ. "भैया, पूल कुठे आहे? मला सांगा, पूल कुठे आहे?"

तो दचकला. हेलिकॉप्टरचं नाक खाली झुकलं होतं, समोरच्या काचेत नुसतं नर्मदेचं गढूळ पाणी दिसत होतं. त्याने हेलिकॉप्टर वर उचलणारा दांडा ओढला. पाणी हळूहळू खाली गेलं.

तळावर उतरताच व्यवस्थापक गौरांग धावत आले. "चलो भैया, जंगलातल्या कुंडमला बाळंतीण अडली आहे. ही शेवटची फेरी."

"मी नाही जाऊ शकत. मी वर झोपलो होतो."

"कॉफी घेऊन घ्या. दुसरं कोणी नाही आपल्याकडे."

"तिला घेऊन मी नदीत जाईन, गौरांगजी." सुशांतने मला उतरवून सीटवर ठेवलं.

शर्मिलादीदी त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या. "मी पण नाही बसणार यांच्यासोबत. आज नाही."

त्या बाईला जीपमधून रस्त्याने आणलं. वाटेत ओढा चढलेला होता. जीप शहरात पोहोचली तेव्हा बाळ रडत होतं आणि आई गेली होती. तिचं नाव बेबी. सुशांतने ते मुद्दाम विचारून घेतलं.

त्यानंतर मात्र कंपनीने दुसरा वैमानिक आणला. सुशांतला विश्रांती मिळाली, कानातली घरघर ओसरली. तो पुन्हा उडायला लागला. पण कुंडमचं जंगल खाली आलं की त्याचा श्वास अडकतो. एकदा तिथेच त्याने विचारलं, "दीदी, मी गेलो असतो तर?"

त्या म्हणाल्या, "माहीत नाही, भैया."

आता माझ्या गाद्या बदलल्या आहेत. दोन वैमानिक मला आळीपाळीने लावतात. नव्याचा श्वास जरा लांबला, तरी माझ्या तारेत भीती उतरते.

कधी तुम्हीही आकाशाकडे डोळे लावून मदतीची वाट पाहाल. तिला उशीर झाला तर रागवा. पण वेळ येण्याआधीच कोणाला तरी विचारून ठेवा, की ती मदत घेऊन येणाऱ्या माणसाला पुरेशी झोप मिळते का. बेबीसाठी कोणी ते वेळेवर विचारलं असतं, तर त्या दुपारी तळावर दुसरा वैमानिक उभा असता.